शत्रूसाठी नवस

माझा जावई ड्यूक विद्यापीठाचा माजी विद्यार्थी आणि माझा नातू चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकतो. या दोन विद्यापीठांमध्ये मोटारीने साधारण 16 किलोमीटरचं अंतर आहे. लेकीच्या घरी जेवणाच्या टेबलावर हेच अंतर सव्वा मीटर भरतं, पण नोव्हेंबरात बास्केटबॉलचा हंगाम लागला की त्यावरून लोणच्याची बरणीसुद्धा पलीकडे सरकत नाही.

2024 च्या दिवाळीला मी तिथे होतो. ड्यूकचा रंग गडद निळा, नॉर्थ कॅरोलायनाचा आकाशी. दारात लावायचा कंदील कोणत्या निळ्याचा, यावरून बापलेकांत दोन दिवस अबोला. शेवटी लेकीने वैतागून तांबडा आणला. दुसऱ्या दिवशी शेजारचा गोरा गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन हजर! तांबडा हा रालीच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचा रंग, आणि अख्ख्या गल्लीत आपला एक तरी माणूस निघाला म्हणून तो गहिवरला होता. भारतातून आलेले हे लोक दिव्यांच्या सणालासुद्धा आपल्या संघाला विसरत नाहीत, असं तो पुढे बरेच दिवस सांगत होता. आम्हीही कुणी खुलासा केला नाही. मिठाई चांगली होती.

ही तिन्ही विद्यापीठं एकाच गावकीतली. गावकीचं नाव अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, स्थापना 1953. संघांची टोपणनावंही घरंदाज आहेत: ड्यूकचे निळे सैतान, कॅरोलायनाच्या डांबरी टाचा, स्टेटचा लांडग्यांचा कळप. कॉन्फरन्सच्या नावात अटलांटिक किनारा असला तरी 2024 पासून तिच्यात पॅसिफिक किनाऱ्याजवळचे स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया हे दोन संघ आहेत, आणि कुठल्याच किनाऱ्यावर नसलेल्या डॅलसमधलं सदर्न मेथडिस्टही आहे. कोकण किनारा मित्रमंडळात पुरी आणि हैदराबादला घ्यावं, तसंच हे. सदर्न मेथडिस्टने तर टीव्हीच्या हक्कांतून येणाऱ्या पैशातला आपला वाटा नऊ वर्षं नको, फक्त पंगतीत पाट मांडा, अशी अट स्वतःहून मान्य केली. मुलगी खपत नसली की वधूपिता असं बोलतो, हे ऐकून होतो. विद्यापीठही बोलतं, हे नव्याने कळलं.

असे 18 भाऊबंद. एकमेकांचं तोंड न पाहणारे. पण गंमत अशी की, हंगामाच्या सुरुवातीला, म्हणजे नोव्हेंबरात, हे एकमेकांशी खेळतच नाहीत. खेळतात ते पाहुण्यांशी, आणि पुष्कळसे पाहुणे पैसे देऊन बोलावलेले असतात.

आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांचा फड सुरू होतो तो रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. गावातली शेंबडी पोरं मातीत लोळतात, रेवड्या घेऊन घरी जातात, मग नारळाच्या कुस्त्या, मग शंभराच्या, आणि दिवस कलल्यावर मोठ्या इनामाचे पैलवान. अमेरिकेतल्या फडात रेवडीच्या कुस्तीला थेट हिंदकेसरीच लंगोट लावून उतरतो. समोर असतं लांबच्या गावचं, तिजोरीत खडखडाट असलेलं छोटं विद्यापीठ. त्याला यायचे आणि बहुधा हरून जायचे पाऊण-एक लाख डॉलर मिळतात. त्या पैशांवर छोट्या विद्यापीठाचा क्रीडा विभाग चालतो. मोठ्या विद्यापीठाला घरच्या मैदानावरचा विजय, तिकिटांचा गल्ला आणि आपण अजिंक्य असल्याचा भास, असं तिहेरी सुख मिळतं. त्यामुळे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कॉन्फरन्सचा गुणतक्ता पाहिला तर पहिल्या घटक चाचणीनंतरचा पालक मेळावा आठवतो. सगळ्यांचीच मुलं हुशार.

आमच्या तांबड्या शेजाऱ्याचंच पाहा. त्याच्या संघाने त्या वर्षी पहिले पाचही सामने घरच्या मैदानावर खेळून जिंकले. गृहस्थ रोज सकाळी झाडाची पानं गोळा करताना शीळ घालायचा. त्याला अभिमान असायला कारणही होतं. आदल्याच मोसमात त्याचा संघ कॉन्फरन्समध्ये दहावा आला होता, आणि मग कॉन्फरन्सच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने जिंकून विजेता ठरला होता, पुढे राष्ट्रीय स्पर्धेत थेट शेवटच्या चौघांत पोचला होता. असा माणूस नोव्हेंबरात शीळ घालणार नाही तर काय करेल?

अर्थात पैसे मोजून बोलावलेला पाहुणा दर वेळी पाहुण्यासारखा वागेलच, असं नाही. 2019 च्या नोव्हेंबरात केंटकी हा देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ होता. त्याने इव्हान्सव्हिल नावाच्या छोट्या विद्यापीठाला 90,000 डॉलर देऊन घरी बोलावलं आणि 67-64 असा मार खाल्ला. त्यानंतर दोनच आठवड्यांत पहिल्या क्रमांकावर बसलेल्या ड्यूकने टेक्सासच्या स्टीफन एफ. ऑस्टिन विद्यापीठाला 85,000 डॉलरला आमंत्रण दिलं. परक्या कॉन्फरन्सच्या संघांविरुद्ध ड्यूक घरच्या मैदानावर सलग 150 सामने जिंकलं होतं. जादा वेळेत, अगदी शेवटच्या क्षणाला, पाहुण्यांनी चेंडू पळवला आणि 85-83 ने सामना मारला. विजयी बास्केट करणाऱ्या खेळाडूचं बहामातलं घर त्याच वर्षीच्या वादळात उद्ध्वस्त झालं होतं. त्या एका बास्केटनंतर लोकांनी त्याच्या कुटुंबासाठी लाखाहून जास्त डॉलर जमा केले. विद्यापीठाने दिलेल्या मानधनापेक्षा ही ओवाळणी मोठी निघाली.

केंटकीला हरवणाऱ्या इव्हान्सव्हिलचं पुढे काय झालं, तेही सांगतो. त्या हंगामात आपल्या कॉन्फरन्समधले 18 च्या 18 सामने ते हरले. देशातल्या पहिल्या नंबराला लोळवून आले आणि घरच्या भाऊबंदांपैकी एकालाही हरवू शकले नाहीत. मराठी माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. आपण पानिपतापर्यंत जाऊ शकतो, बांधावरून चुलतभावाला मागे सारू शकत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मार्चमध्ये 68 संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. आपापल्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट पाट मिळतो, उरलेली पानं एक समिती वाढते. समितीपुढे 2018-19 च्या हंगामापासून ‘नेट’ नावाची क्रमवारी असते. तुम्ही किती जिंकलात यापेक्षा कुणाला आणि कुठे हरवलंत, हे ती बघते. पहिल्या तीस क्रमांकांतल्या संघाला आपल्या घरी, पहिल्या पन्नासातल्याला तिऱ्हाईत मैदानावर किंवा पहिल्या पंचाहत्तरातल्याला त्याच्या घरी हरवलं, तर तो पहिल्या प्रतीचा विजय. बाकीचे विजय उतरत्या प्रतींचे, आंब्याच्या पेटीसारखे.

यातली मेख अशी की, प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक मार्चपर्यंत हलता असतो. म्हणजे फेब्रुवारीत तुम्ही ज्याला हरवणार, तो नोव्हेंबरात जितका जिंकेल तितका तुमचा विजय महाग होतो. तो नोव्हेंबरात माती खाऊन बसला, तर फेब्रुवारीत तुम्ही मिळवता ती मातीच. जानेवारीपासून हिशेब संपतो, कारण मग सगळे भाऊबंद जवळपास आपसातच खेळतात आणि एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव. घरात बाहेरून पत येण्याचे दिवस फक्त नोव्हेंबर-डिसेंबरचे. तोंडं अठरा दिशांना, चुली अठरा, सातबारा मात्र सामाईक.

हे सगळं मला नातवाने कागदावर आकडे मांडून समजावलं. मी म्हणालो, “म्हणजे तुझं भलं व्हायचं असेल, तर आत्ता ड्यूक जिंकायला हवं.”

तो काहीच बोलला नाही.

“नुसतं जिंकायला नाही, दणकून जिंकायला हवं. म्हणजे रात्री झोपताना तू ड्यूकसाठी प्रार्थना करायला हवीस.”

“आजोबा, प्लीज. जेवताना नको.”

पलीकडून जावईबापू गालात हसत होते. मी त्यांना म्हणालो, “तुम्ही हसू नका. हाच हिशेब तुम्हालाही लागू आहे. आज कॅरोलायनाचा सामना आहे ना? देवापुढे उदबत्ती लावा.” जावईबापूंनी उत्तर न देता ताक संपवलं.

ती तारीख होती 4 डिसेंबर. अटलांटिकवाल्यांची आणि दक्षिणेकडच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सची दोन दिवसांची झुंज लागली होती. सोळा सामने, दोन्हीकडून सोळा संघ. दोन घराण्यांची इभ्रत पणाला. त्या संध्याकाळी आधी अलाबामाने चॅपल हिलमध्ये येऊन कॅरोलायनाला 94-79 असं धुतलं. जावईबापूंच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्याला मराठीत सुतकातलं समाधान म्हणतात. मग ड्यूकने देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या ऑबर्नला 84-78 ने हरवलं. कूपर फ्लॅग नावाचा त्यांचा पोरगा तेव्हा अठराचाही नव्हता. नातू तोवर ‘अभ्यास आहे’ म्हणून वर गेला होता. सामना संपल्यावर जिन्यावरून त्याचा आवाज आला, “काय झालं?” मी म्हणालो, “ड्यूक जिंकलं.” वरून “हं” असं आलं. त्या ‘हं’मध्ये सुटकाही होती आणि शरमही. शत्रूसाठी नवस बोलणाऱ्याचा आवाज तसाच लागत असणार.

दोन दिवसांचा निकाल लागला तो असा: साउथईस्टर्न 14, अटलांटिक 2. दोन विजयांपैकी एक ड्यूकचा, दुसरा क्लेमसनचा. घराण्याची पत दोन रात्रींत बाजारात उतरली. पण तसं म्हणताना एकही भाऊबंद मला दिसला नाही. प्रत्येक जण आपला पराभव विसरून शेजारी कसा हरला, तेच सांगत होता. सामाईक वाडा जळत असताना आपल्या खणापर्यंत आग यायला अजून वेळ आहे, एवढं बघून मंडळी निवांत.

मार्चमध्ये पंगत बसली, तेव्हा साउथईस्टर्नच्या 14 संघांना पान मिळालं. अटलांटिकच्या 18 पैकी चौघांना. आमचा तांबडा शेजारी तर त्याआधीच गारद झाला होता. कॉन्फरन्सच्या स्वतःच्या स्पर्धेत त्या वर्षी 18 पैकी 15 संघांनाच प्रवेश होता आणि गतविजेते सोळावे आले. ज्यांच्या घरी करंडक होता, त्यांना स्पर्धेचं आमंत्रणच नव्हतं. नोव्हेंबरातल्या पाच विजयांनी शीळ तेवढी वाजली. प्रशिक्षकाची नोकरी गेली. शेजाऱ्याला मी तिळगूळ उरला होता तो नेऊन दिला.

आणि नातवाचा नवस?

नवस फळला. अगदी हातचं राखून न ठेवता फळला. ड्यूक असं काही बलाढ्य झालं की, कॉन्फरन्समधले वीसपैकी एकोणीस सामने जिंकून बसलं. म्हणजे त्यांना कुठेही हरवलं, तरी तो पहिल्या प्रतीचा विजय, वर सोनेरी वेष्टन. अशी संधी कॅरोलायनाला त्या हंगामात एकदा नाही, तीनदा मिळाली: एकदा ड्यूकच्या घरी, एकदा स्वतःच्या घरी, एकदा शार्लटला कॉन्फरन्सच्या उपांत्य सामन्यात. तिन्ही वेळा ते हरले. शत्रू मोठा व्हावा म्हणून प्रार्थना करताना त्याला नंतर हरवावंही लागतं, हे कलम पोरगा वाचायला विसरला होता.

हिशेबाच्या दिवशी कॅरोलायनाच्या खात्यात पहिल्या प्रतीचे 13 सामने होते. त्यातला विजय एक. पराभव बारा. तरी त्यांना पंगतीत अगदी कडेचं पान मिळालं. वाढपी समितीचे त्या वर्षीचे अध्यक्ष होते बबा कनिंगहॅम, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचेच क्रीडासंचालक. आपला संघ चर्चेला आला की अध्यक्षांनी खोलीबाहेर जायचं, असा नियम आहे आणि तो पाळला गेला. आपल्याकडे साखर कारखान्याच्या सभेत संचालकांच्या पुतण्याचा विषय निघाला की संचालक तेवढ्यापुरते चहा घ्यायला उठतात. त्याच्याशी या नियमाची तुलना मी करणार नाही. शिवाय कॅरोलायनाने पहिलाच सामना 95-68 ने जिंकून टीकाकारांची तोंडं दोन दिवस तरी बंद केली. तिसऱ्या दिवशी ते मिसिसिपीकडून हरले. ड्यूक शेवटच्या चौघांत गेलं आणि ह्यूस्टनकडून तीन गुणांनी हरलं. घरात दोन्ही निळे सारखेच काळवंडले आणि लोणच्याची बरणी पहिल्यांदाच टेबलावरून पलीकडे सरकली.

तेव्हा वाचकहो, तुमची मुलं-नातवंडं तिकडे असतील आणि नोव्हेंबरात फोन करून ‘आमची टीम अजून एकही मॅच हरलेली नाही’ असं सांगत असतील, तर पेढे वाटू नका. आधी विचारा, कुणाशी खेळलात? मग विचारा, कुणाच्या घरी? आणि शेवटी विचारा, त्या पाहुण्याला किती दिले? तिन्ही उत्तरं नीट आली, तर मार्चपर्यंत थांबा. नाही आली, तर ‘शाब्बास’ म्हणा आणि हवापाण्याकडे वळा.