सर्व्हरला झोपायला शिकवणाऱ्या भाऊंस

भाऊ,

कापसाच्या भावाचे आलेख काढायला आपल्याला ‘आर’ हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर हवं होतं, तेही थेट मूळ कोडपासून बांधलेलं. हौसेला मोल नसतं. बांधणी मध्येच अडली आणि ओळ उमटली: ‘विथ-एक्स’ चालू आहे, पण एक्स-इलेव्हनच्या हेडर फायली नि लायब्रऱ्या सापडत नाहीत. इलाज त्याच ओळीत होता. ‘विथ-एक्स’पुढे ‘नो’ लिहायचं आणि आलेख पीडीएफमध्ये काढायचे. खिडकीतच बघायचा हट्ट असता, तर दोन-चार डेव्ह पॅकेजं पुरली असती. आपल्याला सुई हवी होती. आपण शिंपीच घरी आणून बसवला. अख्खा ग्नोम डेस्कटॉप!

यवतमाळातल्या आमच्या मागच्या खोलीतल्या त्या सर्व्हरच्या डब्याला मॉनिटर नाही, माउस नाही. त्याचं तोंड एका पालीशिवाय कोणी बघत नाही. आता त्याच्यात सुडोकू आहे, माहजोंग आहे, स्पीकर नसताना आवाजाची सोय आहे. खेळते कोण, पाल?

गंमत म्हणजे खिडक्या दाखवणारा हा एक्स 1984 साली एमआयटीत जन्मला तो प्रोग्राम एका यंत्रावर आणि खिडकी दुसऱ्याच यंत्रावर, या सोयीसाठी. त्याच्या भाषेत ‘सर्व्हर’ म्हणजे माणसासमोरचं, पडदा असलेलं यंत्र. आपण बहुधा तोच अर्थ धरलात. विद्वत्तेला नमस्कार.

पण भाऊ, ग्नोमच्या लॉगिन पडद्याला एक सवय आहे. पंधरा-वीस मिनिटं कीबोर्ड-माउस हलला नाही, की तो यंत्राला झोपवतो. दुरून एसएसएचवर कोणी काम करत असलं तरी. रात्री दोनचा बॅकअप झालाच नाही. सकाळी काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग, पण सर्व्हर झोपलेला, म्हणून पावती निघेना. ‘काहून बंद आहे बापा?’ असं सगळे मलाच विचारत होते. आपली शकुंतला रेल्वे बंद पडण्याआधी रेंगाळायची, पण रुळावर घोरत नव्हती.

मी स्लीप टार्गेट मास्क केलं, डीफॉल्ट मल्टी-युजरवर आणलं, डेस्कटॉप उपटून काढला. आपलं ‘आर’ एक्सविना बांधून ठेवलं आहे, चालवून बघा. रूटचा पासवर्ड बदलला आहे. यापुढे काही टाकायचं असेल, तर पडद्यावरची ओळ जशीच्या तशी मला पाठवा.

आपला,
पहाटे पाचला पॉवरचं बटण दाबायला आलेला