अंगावर काटा, तोही दरमहा!

ऐकलंत का वहिनी? कानावर आलं असेलच तुमच्या, पण माझ्या तोंडून ऐका, फोडणी जरा बरी बसते. परवा आमच्या नातवाची उशी उन्हात टाकायला उचलली, तर खाली पुस्तक. 'गूजबम्प्स'! मुखपृष्ठावर सुटाबुटातला लाकडी बाहुला, डोळे असे की मी उशी तशीच खाली ठेवली. स्लॅपी म्हणे त्याचं नाव. आपला पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव बघा, पंगतीला शेजारी बसवावा असा. आणि हा मेला घरातल्यांनाच गुलाम करायला निघालेला!

तर हे अमेरिकेतलं खूळ. 1992 साली सुरू झालं आणि 1997 संपेपर्यंत मूळ मालिकेची 62 पुस्तकं. हिशेब करा, जवळजवळ महिन्याला एक. आपल्याकडे भिशीसुद्धा इतकी वेळेवर निघत नाही.

लिहिणारे आर. एल. स्टाइन. मला वाटलं, स्मशानात बसून लिहीत असतील. छे हो! हा माणूस आधी पोरांसाठी विनोदाची पुस्तकं लिहायचा, तेही 'जोव्हियल बॉब' या नावाने. आणि त्यांच्या घरची गोष्ट ऐका. त्यांच्या मुलाने एकदा फ्रँकेन्स्टाइनचा मुखवटा घातला आणि तो काही केल्या निघेना. पोरगं ओढतंय, ताणतंय, आणि बाप उभा राहून विचार करतोय की वा, काय छान गोष्ट होईल! झालीच, मुखवटा चेहऱ्याला चिकटून बसलेल्या मुलीची. मुलानेही उट्टं काढलं. बापाचं यातलं एकही पुस्तक वाचलं नाही म्हणे. स्टाइन स्वतःच सांगतात, हसत हसत.

पोरांना फसवायची रीत तर ऐका. बारा वर्षांचा मुलगा नाहीतर मुलगी, नवं घर, तळघर, आणि ढिम्म आईबाप. (हे तेवढं खरं आहे.) प्रकरण दोन-चार पानांचं, शेवटी अंधारातून खांद्यावर हात! पान उलटावं तर धाकटा भाऊ. तरी पोरं पुढच्या वेळी परत दचकतात. आपण नाही का, मालिकेत जिना उतरणाऱ्या सासूबाईंची पावलं बघत जाहिराती संपायची वाट बघत?

तिकडच्या पालकांनी गप्प बसावं की नाही? नाही बसले. ग्रंथालयांतून काढा म्हणून ज्यांच्यावर सर्वाधिक हरकती आल्या, त्या नव्वदच्या दशकातल्या यादीत ही मालिका चांगली वरच होती. मिनेसोटातल्या अनोका गावी 1997 मध्ये रीतसर सुनावणी झाली. मुलं स्वतः उभी राहून बोलली आणि पुस्तकं शाळेत राहिली. आता सांगा, एरवी 'वाचत नाहीत, वाचत नाहीत' म्हणून गळा काढायचा आणि पोरं पुस्तकासाठी उभी राहिली की तक्रार! मी स्वतः नववीत धारपांच्या भयकथांची पुस्तकं भूगोलाच्या वहीत लपवून वाचली. हे कुणाला सांगू नका.

पण खरी मजा पुढेच आहे. 2023 मध्ये बोभाटा झाला की प्रकाशकांनी ई-पुस्तकांतले काही शब्द गुपचूप बदलले. स्टाइन म्हणाले, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि बदललं काय? भुतं? नाही. जिवंत झालेला बाहुला? तो जागच्या जागी. 'वेडा'चा झाला 'खुळा'. गुलामांचे उल्लेख काढले, म्हणजे स्लॅपीने आता करायचं काय! आणि वहिनी, एका गुबगुबीत पात्राला म्हणे 'आनंदी' करून टाकलं. कवटी चालते, गुबगुबीत चालत नाही!

बरं झालं पण. यंदा दिवाळीत जाऊबाईंनी माझ्याकडे बघून 'गुबगुबीत झालात हो' असं लांबवून म्हटलंन ना, की ठणकावून सांगणार आहे, आनंदी म्हणायचं. काय बघताय? तो शेवटचा बटाटेवडा इकडे द्या.