हलकी वाइन आणि जड लेबल

हलक्या फ्रेंच रेड वाइनचा माझ्यासारख्याला मोठा आधार असतो. बोर्दोची तुरट, पिंपात मुरलेली वाइन पिणाऱ्याला गप्प बसवते. बोजोलेची गामे द्राक्षांची वाइन घशाखाली सहज उतरते आणि बोलायला सगळं मैदान मोकळं सोडते. त्या मैदानात मी ‘सेंद्रिय’, ‘कौटुंबिक मळा’, ‘ग्रॅनाइटची जमीन’ असे शब्द उतरवतो आणि समोरच्यांच्या चेहऱ्यांवर स्वतःची उंची मोजतो. अशी बाटली घेणारा माणूस चव विकत घेत नाही, चारित्र्याचा दाखला विकत घेतो, असं माझं ठाम मत आहे; आणि तो दाखला द्राक्षांपेक्षा आपल्याला लागू व्हावा अशी त्याची मनोमन इच्छा असते. जिभेची साक्ष इथे चालायची नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली व्हाइट वाइन दिली होती. तिचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या विशेषणांत केलं. शिकलेल्यांची ही गत, तर माझ्या विशेषणांना कोण अडवणार?

आधी ‘सेंद्रिय’चं पाहू. 2012 पर्यंत युरोपात लेबलवर ‘सेंद्रिय वाइन’ लिहिता येत नसे. ‘सेंद्रिय द्राक्षांची वाइन’ एवढीच मुभा होती, कारण तळघरातल्या कामाचे नियमच ठरलेले नव्हते. ते ठरले तेव्हा साध्या कोरड्या रेड वाइनला लिटरमागे 150 मिलिग्रॅम सल्फाइट चालतं, ते सेंद्रियला 100 वर आलं. शून्यावर नाही. मळ्यात फवारतात ते मोरचूद आणि चुना, म्हणजे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराच्या रोजच्या ओळखीचं बोर्डो मिश्रण. बोर्दोजवळच्या मेदोकचे शेतकरी एकोणिसाव्या शतकात ते रस्त्याकडेच्या वेलींवर फासत, वाटसरूंनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. त्या वेली केवडा रोगापासून वाचतात हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरलं आणि चोरांवरचा उपाय बुरशीवर लागू पडला. पण तांबं मातीत साठत जातं, म्हणून आता 7 वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा आहे. मग हा शब्द फसवाच की, असं कुणी म्हणेल. तसं नाही. तणनाशक बंद केलं की वेलींमधलं तण औताने नाहीतर हाताने काढावं लागतं आणि पावसाने फवारा धुऊन नेला की पंप पुन्हा पाठीवर घ्यावा लागतो. दाखला खरा आहे, फक्त तो ग्लासातल्या चवीचा नसून मळ्यातल्या राबण्याचा आहे.

माझा जीव खरा अडकतो तो ‘कौटुंबिक मळा’ या शब्दांत. कुटुंब आणि शेतजमीन एका ओळीत दिसली की मराठी माणसाला दिवाणी कोर्ट आठवतं. फ्रान्स यात मागे नाही. क्रांतीने थोरलेपणाचा हक्क मोडला, 1804 च्या नेपोलियनच्या संहितेने प्रत्येक मुलाचा वाटा पक्का केला आणि बरगंडीत वेलींच्या ओळी मोजून वाटण्या होऊ लागल्या. क्लो द वूजो हा तिथला, एकेकाळी मठाच्या मालकीचा, भिंतीने वेढलेला सुमारे 50 हेक्टरचा मळा. 1889 साली तो विकला गेला आणि तुकडे पडत पडत आज त्याचे 80 च्या आसपास मालक आहेत. असा सातबारा हाती आला तर आपला मुरलेला तलाठीही चष्मा पुसून घेईल! भिंत एक, माती एक आणि आतल्या आत ऐंशी बांध. भाऊबंदकीला याहून देखणं आवार जगात सापडायचं नाही. शहरात नोकरीला गेलेल्या भावाचा वाटा, बहिणीला हिस्सा देण्यासाठी काढलेलं कर्ज, काकांनी पंधरा वर्षं न केलेली सही असलं काही कुठलंच लेबल सांगत नाही. लेबलवर असतं ते ‘पिढ्यान्‌पिढ्या’, आणि त्याखाली कोरीव अक्षरांत आडनाव.

म्हणजे कुटुंबाला मोलच नाही का? आहे. बोजोलेतल्या विलिए-मोर्गों गावच्या मार्सेल लापिएर यांनी 1973 मध्ये वडिलांचा मळा हाती घेतला. जूल शोवे या रसायनज्ञ वाइन-व्यापाऱ्याचं ऐकून पुढे त्यांनी रसायनं सोडली, बाहेरचं यीस्ट टाळलं, सल्फरला हात आखडता घेतला. नोव्हेंबरातल्या तिसऱ्या गुरुवारी बोजोले नूव्हो, म्हणजे त्याच हंगामाची कोवळी वाइन, जगभर पोचवायची घाई चाललेली असताना हे सुचणं सोपं नव्हतं. 2010 मध्ये ते गेले. काम मुलांनी पुढे नेलं. ज्याचं फळ कदाचित मुलं खातील असा जुगार पगारी व्यवस्थापक सहसा खेळत नाही.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. या वाइनचा हलकेपणा येतो अखंड घडांतून: ते बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडमध्ये राहतात, किण्वन मण्याच्या आतच सुरू होतं आणि तुरटपणा कमी उतरतो. घड अखंड हवेत म्हणून तोडणी हाताने होते. गामेच्या जुन्या वेली बुटक्या, म्हणून तोडणारा दिवसभर कंबरेत वाकलेला. तो हंगामी मजूर, त्याचं आडनाव कुठल्याच बाटलीवर नाही. घराण्याच्या नावाने गहिवरणारा मी त्याच्या मजुरीबद्दल दुकानदाराला चकार शब्द विचारत नाही.

राहता राहिला जुना आक्षेप, की इतकी हलकी वाइन घेण्यात कसली प्रतिष्ठा? बरगंडीच्या ड्यूक फिलिपने 1395 मध्ये गामे उपटून टाकायचं फर्मान काढलं होतं, तेव्हा हा आक्षेप माझ्याहून पुष्कळ थोरांचा आहे. शिवाय ही वाइन 13 अंशांच्या आसपास चांगली लागते, आणि रेड वाइन फ्रिजमध्ये पाहिली की पाहुण्यांतले जाणकार भुवया उंचावतात. त्यांना सांगता येतं की ‘खोलीचं तापमान’ म्हणतात ती खोली युरोपातली, मे महिन्यातल्या ठाण्याची नव्हे. अडचण एकच. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला लगेच पाणी सुटतं, लेबल भिजून सुरकुततं, आणि नेमकं आडनावच वाचता येत नाही.