ब्लेडची कुस्ती

टीव्हीवर अमेरिकेतले पैलवान एकमेकांना लोखंडी खुर्च्यांनी झोडपत असले की घरातला एखादा काका जाहीर करतोच, "सगळं खोटं रे! ते रक्त म्हणजे टोमॅटो सॉस." काकाचं बाकी सगळं बरोबर आहे. घोळ फक्त सॉसचा.

ठोसा लटका, पडणं तालमीतलं, निकाल आधीच ठरलेला. रक्त मात्र अस्सल, आणि तेही पैलवानाने स्वतःच्या हाताने काढलेलं. मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा इवलासा तुकडा लपवलेला असतो. खांबावर डोकं आपटल्याचं सोंग करून गडी पालथा पडतो, तोंड झाकून कळवळतो आणि त्या आडोशाला कपाळावर एक चीर देतो. कपाळाला रक्तपुरवठा भरपूर. जखम वरवरची असली तरी धार लागते, आणि घाम मिसळला की थोड्याचं पुष्कळ दिसतं. काही जण आधी ॲस्पिरिन घेत, रक्त पातळ व्हावं म्हणून. डोकं फोडून घ्यायच्या तयारीला डोकेदुखीची गोळी!

गंमत अशी, की कापायचं आपण आणि दरारा वाढवायचा समोरच्याचा. इतकी निरपेक्ष भागीदारी सख्ख्या भावांतही दिसत नाही. अर्थात, लाल रक्त दिसलं की हिरवे डॉलर येतात, हेही या धंद्यात सगळ्यांना पाठ.

अंदाज चुकतोही. 2004 साली एडी गरेरो या पैलवानाची चीर खोल गेली आणि भलताच रक्तस्राव झाला. जपानच्या ग्रेट मुटाने 1992 मध्ये हिरोशी हासेशी लढताना इतकं रक्त गाळलं, की शौकिनांनी रक्त मोजायचं मापच त्याच्या नावाने काढलं, 'मुटा स्केल'. अब्दुल्ला द बुचर हा जाहिरातीत सुदानचा, जन्माने कॅनडाचा. त्याच्या कपाळावरचे चरे इतके खोल, की त्यांत तो नाणी खोचून दाखवायचा. नाव खोटं, गाव खोटं. कपाळ तेवढं खरं.

इथून पुढे मात्र हसू आवरतं. अब्दुल्लाच्या ब्लेडमुळे आपल्याला हेपटायटिस सी झाला, असा दावा एका पैलवानाने केला आणि 2014 मध्ये ओंटारिओच्या न्यायालयाने सुमारे 23 लाख कॅनेडियन डॉलरची भरपाई मंजूर केली.

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीने 2008 मध्ये कार्यक्रम घरातल्या मुलाबाळांसाठी केला आणि ठरवून रक्त काढणं बंद केलं. उत्तम केलं. निकाल ठरलेलाच आहे, तर सॉस काय वाईट होता?