मनःस्वास्थ्य सप्ताहाचा जयजयकार

कामगारांच्या मनःस्वास्थ्याचा सप्ताह ज्याने शोधून काढला, त्याला महाडच्या भर चौकात शाल-श्रीफळ द्यायला हवं. वर्षाचे बावन्न आठवडे. त्यातला एक मनाला देऊन टाकला की उरलेले एक्कावन्न उत्पादनाला मोकळे.

एमआयडीसीत हा सप्ताह कसा साजरा व्हावा? नाइट उतरलेल्यांना घरी न सोडता थेट कॅन्टीनमध्ये बसवावं, कारण पहिल्या पाळीची माणसं प्लांटवर हवी असतात. व्याख्यानाचा विषय अर्थातच झोपेचं महत्त्व. आठ तास झोपा, मोबाइल उशाशी ठेवू नका. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. ऐकणाऱ्यांत डोंगराखालच्या वाडीतला एखादा असतोच. जुलैत रेड अलर्ट आला की त्याच्या उशाशी मोबाइल असतो, आवाज पूर्ण वाढवून; पोलीसपाटलांचा फोन कधी येईल याचा नेम नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये गाव दरडीखाली गाडलं गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरड आली. पहिली पाळी असली की वाडीतला तो अशा वेळी रात्रभर डोंगराकडे कान लावून जागतो आणि पहाटे कंपनीच्या बससाठी नाक्यावर उभा राहतो. खाडा केला तर ठेकेदार रोज कापतो. व्याख्यानाला बसला तर बिस्किटाचा पुडा मिळतो. काळजी म्हणतात ती हीच.

मदतीचा नंबरही लावावा. सरकारची टेलिमानस, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. खरोखर चांगली सोय. फलकाची जागा प्लांटच्या दारावर, म्हणजे मोबाइल गेटवर जमा केलेल्या प्रत्येकाला तो नीट वाचता येतो. शिवाय गोपनीय फॉर्म: नाव, टोकन नंबर, विभाग, सुपरवायझरची सही. कोणाचं मन दुखतंय हे ठाऊक झाल्याशिवाय गोपनीयता तरी कोणाची राखणार?

ठेकेदाराच्या माणसांना मात्र हा फॉर्म नसतो. ती कंपनीच्या पटावर नाहीत, तेव्हा त्यांचं मनही नाही.

आणि या भागात मन लागतं फार. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल कोसळला, एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या; त्यांचे चालक-वाहक कामावर असतानाच गेले. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कर्मचारी सहलीला निघाले होते. आंबेनळी घाटात बस दरीत गेली, एकच जण वाचला. ३ नोव्हेंबर २०२३ ला महाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, ११ कामगार गेले. त्यांच्यासोबत डबा खाणारी माणसं अजून पाळ्या करताहेत. व्हॉल्व्ह उघडताना त्यांतल्या कोणाचा हात थबकला, तर त्याला पगार न कापता रजा मिळावी, दुसरं काम मिळावं आणि एकाच डॉक्टरकडे पुन्हा पुन्हा जाता यावं. अलर्टच्या रात्री वाडीतल्या माणसाला घरच्यांसोबत थांबता यावं. ठेकेदाराच्या माणसालाही. हे मी अगदी सरळ मागतो आहे.

सप्ताहाच्या अभिप्रायपत्रकात यासाठी रकाना नाही. तिथे प्रश्न एकच: व्याख्यान कसं वाटलं? उत्तरासाठी तीन चेहरे छापलेले असतात, तिन्ही हसरे.