रिक्तिका दाराबाहेर

आमच्या शेजारच्या खोलीत मुखेड तालुक्यातली एक मुलगी राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, विज्ञानात शाळेत पहिली. नीटसाठी लातूरला आली. आता तिच्या भिंतीवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या आहेत: व्हॅक्युओल, फॅगोसायटोसिस, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम. वर इंग्रजी स्पेलिंग, खाली देवनागरीत उच्चार. रोज पंचवीस शब्द. रात्री साडेअकराला ती ते मोठ्यानं घोकते आणि पातळ भिंतीतून मलाही ऐकू येतात.

एका संध्याकाळी विचारलं, "व्हॅक्युओल म्हणजे काय गं?"

"पेशीतला एक भाग, काका."

"मराठीत काय म्हणत होतीस?"

"मराठी विसरायचं सांगितलंय. कन्फ्यूजन होतं म्हणे."

असं सांगणारे कोण, ते मी विचारलं नाही. असे सांगणारे लातुरात आहेत, नांदेडात आहेत, बहुतेक घरांतही आहेत. मुलीनं चपलांबरोबर आपली भाषाही दाराबाहेर काढून आत यायचं, असा हा नियम आहे. तो साफ चुकीचा आहे, आणि जीवशास्त्राच्याच पुस्तकातून मी तो चुकीचा ठरवून दाखवतो.

शाळेच्या मराठी पुस्तकात व्हॅक्युओलला रिक्तिका म्हणतात. लॅटिनमध्ये 'व्हॅक्युअस' म्हणजे रिकामा, शेवटचा 'ओल' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. रिक्त आणि इका. ज्यानं कुणी हा मराठी शब्द घडवला, त्यानं लॅटिन शब्द उघडून आतला अर्थ जसाच्या तसा आपल्या ताटात वाढला. मायटोकॉन्ड्रिया घ्या. ग्रीकमध्ये 'मायटोस' म्हणजे धागा, 'कॉन्ड्रियॉन' म्हणजे कण. आपल्याकडे तंतुकणिका. क्लोरोप्लास्टमधला 'क्लोरोस' हिरवा आणि आपलं हरितलवकही हिरवंच. ऑटोट्रॉफ म्हणजे स्वयंपोषी, हेटरोट्रॉफ म्हणजे परपोषी. फोटोसिंथेसिस तर तुकड्याला तुकडा जोडून प्रकाशसंश्लेषण झालंय. सगळीकडे असं जुळत नाही, हेही सांगायला हवं: क्रोमोसोमचा मूळ अर्थ 'रंगीत देह', आपण म्हणतो गुणसूत्र. पण जुळतं तिथं इतकं नेमकं जुळतं, की मराठी शब्द येणाऱ्या मुलाला इंग्रजी शब्दाचा अर्थ आधीच ठाऊक असतो. त्याला फक्त कुणीतरी सांगायला हवं, की बाळा, हे तेच आहे.

ते सांगायला दहा मिनिटं लागतात. आपण ती देत नाही आणि वर्षभर पोरीला घोकायला लावतो.

लातूर पॅटर्नची मला किंमत आहे. प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवून घेणं, चाचणीवर चाचणी, चुकलेल्या प्रश्नापाशी थांबणं, या शिस्तीनं कोरडवाहू शेतकऱ्यांची मुलं डॉक्टर केली. ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी हा पॅटर्न जोडला जातो, त्याचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे प्राध्यापक. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य त्यांनी मराठी वाचकाला मराठीतून समजावून दिलं. पुढं १९९४ मध्ये नांदेडला विद्यापीठ झालं, तेव्हा पहिले कुलगुरूही तेच. म्हणजे इंग्रजीत शिरायला मराठीचं दार चालतं, हे या गावाला बाहेरून कुणी येऊन शिकवायची गरज नाही. तरीही आपण ते दार बंद करून बसलोय, याचा मला राग आहे.

कुणी म्हणेल, नीट मराठीतूनही देता येते की. येते, २०१७ पासून येते. मराठी निवडली तर प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन्हींत मिळते, आणि भाषांतरात संदिग्धता आली तर इंग्रजी पाठ अंतिम धरला जातो. पण अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीत, क्लासच्या नोट्स इंग्रजीत, एनसीईआरटीचं जे पुस्तक पोरं पाठ करतात तेही इंग्रजीत. दोन वर्षं इंग्रजीत शिकायचं आणि तीन तास मराठीत लिहायचं, हा पर्याय कागदावर आहे. आमच्या गल्लीतलं एकही पोर तो घेत नाही.

आणि खरा मार बसतो तो लांबलचक शब्दांचा नाहीच. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम घोकून घोकून येतं. घात करतात ते लहान शब्द. 'एक्सेप्ट' म्हणजे वगळून. 'ॲक्सेप्ट' म्हणजे स्वीकारणे. आपल्या कानाला दोन्ही एकच. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे, हे माहीत नसलेलं मूल त्यात 'रिस्पेक्ट' शोधतं. 'अनलेस'मध्ये नकार दडलेला आहे, तो घाईत दिसत नाही. मग 'इनकरेक्ट'. खालीलपैकी चुकीचं विधान कोणतं, असं विचारलेलं असतं आणि पोरगं पहिलं बरोबर विधान दिसताच गोल काळा करून पुढं जातं. विधान आणि कारण यांचा प्रश्न तर निव्वळ भाषेचा आहे: दोन्ही खरी आहेत, पण दुसरं हे पहिल्याचं स्पष्टीकरण नाही, एवढं वाक्य इंग्रजीत नीट उलगडता आलं पाहिजे. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीला एक वजा. म्हणजे एका 'नॉट'वर पाच मार्कांचा फरक पडतो. १८० प्रश्न, १८० मिनिटं. ७२० पैकी ३६० मार्क एकट्या जीवशास्त्राचे. असे चार 'नॉट' निसटले की वीस मार्क गेले. जीवशास्त्र येत असूनही गेले. मग घरी फोन जातो, आणि बाप पुढच्या वर्षाच्या रिपीटर बॅचच्या फीची जुळवाजुळव करायला लागतो.

या लहान शब्दांची यादी मला कुठल्याच भिंतीवर दिसली नाही.

नांदेडच्या अभ्यासिकांतही वेगळं नाही. तिथं बँकेची आणि स्टाफ सिलेक्शनची तयारी करणारी पोरं समानार्थी, विरुद्धार्थी आणि अनेक शब्दांबद्दल एक शब्द यांची जाड पुस्तकं पाठ करतात. अमेरिकेतल्या उच्च शिक्षणासाठीच्या जीआरईनं सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणं २०११ मध्येच थांबवलं. तिथं आता वाक्यातून अर्थ काढावा लागतो. आपल्या परीक्षा अजून सुटे शब्द विचारतात म्हणून पोरांनी ते पाठ करावेत, यात पोरांचा दोष नाही. पण शब्द वाक्यात भेटला तर टिकतो आणि यादीत भेटला तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी जातो, हे त्यांना सांगणारा कुणीतरी त्या अभ्यासिकेत असायला हवा.

भाषा अशी दाराबाहेर ठेवणं आपल्या भागाला नवं नाही. निजामाच्या राज्यात शिकलेले आजोबा वनस्पतिशास्त्राला नबातियात म्हणत. हैदराबादेत १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं ते उर्दू माध्यमात, आणि आधुनिक शास्त्रांसाठी उर्दू शब्द घडवायला, पुस्तकं भाषांतरित करायला तिथं खास भाषांतर विभाग होता. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर त्या आजोबांची मुलं मराठीत शिकली. नातवंडं इंग्रजीत शिकतायत. तीन पिढ्या, तीन भाषा, आणि दर पिढीला आधीची भाषा दाराबाहेर ठेवायला सांगितलं. असं तीनदा उंबऱ्यावर सगळं टाकून आत जाणाऱ्या घराजवळ काय साठणार?

सेमी इंग्रजी हा उपाय म्हणून आला. त्यानं निम्मं काम केलं. सेमीच्या मुलाला व्हॅक्युओल येतं, पण रिक्तिका येत नाही, आणि म्हणून त्या शब्दात 'रिकामं' आहे हेही दिसत नाही. मराठी माध्यमाच्या मुलीकडे अर्थ आहे आणि शब्द नाही. दोघं एकाच बाकावर बसतात. त्यांना एकमेकांची वही दाखवायला लावली तरी पुष्कळ काम होईल.

माझी मागणी एवढीच आहे. अकरावीचे पहिले पंधरा दिवस धडा उघडू नका. फळ्यावर दोन उभे रकाने करा, एकीकडे तंतुकणिका, एकीकडे मायटोकॉन्ड्रिया, आणि मुलांना धागा आणि कण शोधू द्या. त्याच पंधरा दिवसांत जुन्या प्रश्नपत्रिकांतले फक्त प्रश्न वाचून घ्या. उत्तर नको, 'काय विचारलंय' एवढंच मराठीत सांगायचं. जास्तीचे पैसे लागत नाहीत, नवी इमारत लागत नाही. लागतो तो दोन्ही भाषांची लाज न वाटणारा शिक्षक, आणि असे शिक्षक आपल्याकडे आहेत, फक्त त्यांना मराठीत बोलू दिलं जात नाही.

त्या मुलीला मी त्या संध्याकाळी रिक्तिकेची गोष्ट सांगितली. मग एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर आलो. एंडो म्हणजे आत, प्लाझ्म म्हणजे द्रव्य, आणि रेटिक्युलम म्हणजे लॅटिनमध्ये छोटी जाळी. ती पटकन म्हणाली, "आंतर्द्रव्यजालिका!" आणि उठून चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहायला लागली. लिहिता लिहिता थांबली. भिंतीवरच्या दुसऱ्या एका चिठ्ठीकडे, डोळ्याच्या आकृतीकडे बघत राहिली.

"काका, मग रेटिनाबी जाळीच का?"