कळवणचा ळ गेला कुठे?

नाशिक जिल्ह्यातल्या ‘कळवण’ या गावाच्या नावात अक्षरं चार. त्यातल्या ळ आणि ण या दोघांसाठी जीभ वर वळवून टाळ्याला टेकवावी लागते. इथल्या अहिराणी बोलीला हा व्यायाम मंजूर नाही. तिच्यात डोळ्याचा ‘डोया’ होतो, काळ्याचा ‘काया’, धुळ्याचं ‘धुये’ आणि पाण्याचं ‘पानी’. त्या हिशेबानं कळवणचं सरळ ‘कयवन’.

आजी ‘कयवन’ म्हणाली की शहरातले पाहुणे गालात हसतात. इंग्रजी शाळेतला नातू रोमन पाटी वाचून ‘कलवन’ म्हणतो, तेव्हा मात्र तेच पाहुणे म्हणतात, पोरगं काय फाडफाड इंग्रजी बोलतं! अक्षरं दोघांनी तीच गिळली. कौतुकाचा लाडू एकट्यालाच.

अर्थात आजीही इंग्रजीला सुखानं जाऊ देत नाही. ‘एसटी’ तिच्या तोंडी ‘यष्टी’ होते. यात आळस नाही, चोख व्यवस्था आहे. ग्रामीण बोलीत सुरुवातीच्या ‘ए’आधी ‘य’ येऊन उभा राहतो, एकाचा ‘येक’ होतो तसा. मग ‘ट’ शेजारच्या ‘स’ला मागे ओढून ‘ष’ करतो. मुळात इंग्रजांचा ‘टी’ हिरडीशी उच्चारला जातो; आपल्याकडे त दाताशी, ट टाळ्याशी, मधली जागा रिकामी. म्हणून ‘टी’ची वर्णी ‘ट’च्या घरात लागली. कांद्याच्या लिलावाला ‘टॅक्टर’ येतो, त्यातला पहिला ‘र’ वाटेतच उतरतो. व्ही आणि डब्ल्यू या दोन इंग्रज भावांना आपण एकाच ‘व’मध्ये दाटीवाटीनं बसवतो, मग गावाचं नाव रोमनमध्ये कुणी कसंही लिहावं.

 

इंग्रजीची अशी ओढाताण एकटे आपणच करतो असं नाही. हंगेरियन माणूस इंग्रजी बोलू लागला की त्याच्या तोंडीही डब्ल्यूचा ‘व्ही’ होतो आणि ‘थँक यू’चं पुष्कळदा ‘सेंक यू’. पण खरी मौज त्याच्या स्वतःच्या भाषेत आहे. तिच्यात ‘एल’ आणि ‘वाय’ जोडून लिहितात. पूर्वी त्याचा उच्चार मऊ ‘ल्य’ होता, आज प्रमाण भाषेत निव्वळ ‘य’! संगीतकार झोल्तान कोदाय (1882–1967) यांच्या आडनावाच्या शेवटी हीच जोडी बसलेली आहे. तिथल्या पोरांना कुठला ‘य’ साधा आणि कुठला ‘एल-वाय’वाला, हे पाठ करावं लागतं. उच्चार ‘डोया’सारखा केला तर कुणी हसत नाही, तसाच वहीत उतरवला की गुरुजी लाल रेघ मारतात.